स्पॅनिशमधलं 'माझं-तुझं': वलेन्सियाला निघण्याआधी

तुम्ही विचारलंय की जानेवारीत नवरा आणि सहा वर्षांच्या मुलासह स्पेनमधल्या वलेन्सियाला यायचंय, भाषेची तयारी चालू आहे, पण 'त्याचा, तिचा, त्यांचा' सगळ्यांना एकच 'सु' कसा, हे काही उमगत नाही. मी इथे नऊ वर्षं राहतेय. माझा पहिला सल्ला असा की हा धडा इंग्रजीतून शिकू नका, मराठीतून शिका.

आपल्याकडे 'माझा भाऊ, माझी बहीण, माझं घर'. शब्दाचं रूप मालकावर नाही, वस्तूवर ठरतं. स्पॅनिशचंही तेच. 'आमचं' म्हणजे न्वेस्त्रो, पण घर (कासा) तिकडे स्त्रीलिंगी, म्हणून न्वेस्त्रा कासा, बोलणारे सगळे पुरुष असले तरी. 'मि' आणि 'तु' मात्र लिंगानुसार बदलत नाहीत, फक्त अनेकवचनात मिस, तुस होतात. कानाला ते आपले 'मी' आणि 'तू' वाटतात, अर्थ मात्र 'माझा' आणि 'तुझा'. सुरुवातीला इथे हमखास गफलत होते. आपला आणि आमचा हा भेदही तिथे नाही, दोन्हीला न्वेस्त्रोच.

'चा-ची-चे'साठी 'दे' वापरतात, पण क्रम उलटा. 'माझ्या भावाच्या मित्राचं घर' हे शेवटून वाचत या: ला कासा देल आमीगो दे मि एर्मानो. घर, मित्र, भाऊ. (दे आणि नामाआधी येणारा एल जोडून देल होतं; 'तो' या अर्थाचा एल मात्र सुटाच राहतो.) रोज पाच वाक्यं अशी उलटी करून बघा, महिनाभरात जीभ वळते.

आता 'सु'. त्याचा, तिचा, त्यांचा आणि शिवाय 'आपला', म्हणजे उस्तेद (आदरार्थी 'आपण') म्हणून मान देऊन बोलताना समोरच्याचा. मी नवीन असताना एका बँकेत कर्मचारी 'सु फिर्मा' म्हणाली. मला वाटलं नवऱ्याची सही हवीय, म्हणून कागद त्याच्याकडे सरकवला. तिला माझी सही हवी होती. तेव्हापासून कागदपत्रांच्या कामात शंका आली की मी सरळ विचारते: दे एल, त्याची? ओ मीआ, की माझी? यात संकोच करू नका, इथले लोकही संदिग्धता टाळायला 'दे एल', 'दे एया' म्हणतात. भाड्याच्या करारात 'आ नोम्ब्रे दे' हे शब्द दिसतील, 'अमुकच्या नावे'. करार नवऱ्याच्या नावे असेल तर: आ नोम्ब्रे दे मि मारीदो.

स्पेनमध्ये 'तुम्हा सगळ्यांचा' यासाठी व्वेस्त्रो लागतो. लॅटिन अमेरिकेचं स्पॅनिश शिकवणाऱ्या धड्यांत तो मिळणार नाही, वेगळा शिका.

डॉक्टरांकडे 'मे द्वेले ला रोदिया' म्हणायचं, गुडघा दुखतोय. 'माझा' लागत नाही. आपणही 'मी हात धुतले' म्हणतो, 'माझे हात धुतले' नाही. आणि 'मला एक मुलगा आहे', 'माझ्याकडे गाडी आहे' या दोन्हीला एकच क्रियापद, तेंगो.

मुलाला 'दे क्येन एस?', हे कोणाचं, एवढं आधीच शिकवून ठेवा. शाळेत बाई पडलेलं जॅकेट उचलून तेच विचारतील. त्याने 'एस मीआ' म्हणायचं, 'मीओ' नाही, कारण चाकेता स्त्रीलिंगी आहे.