‘वैऱ्यांवर प्रीती करा’ : प्रीती वाटते की करतात?

एका वाचकांनी विचारले आहे की, मराठी बायबलमध्ये आणि मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चमधील समुदायांच्या) उपासनेत ‘प्रेम’ न म्हणता ‘प्रीती’ का म्हणतात. त्यांचा पुढचा प्रश्न असा की, जो माणूस मनापासून नकोसा वाटतो, त्याच्यावर ‘प्रीती करा’ असे सांगणे म्हणजे ढोंग करायला सांगण्यासारखे नाही का. मला दुसरा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. म्हणून पहिला थोडक्यात आटोपतो.

‘प्रेम’ आणि ‘प्रीती’ हे दोन्ही शब्द संस्कृतातील ‘प्री’ या एकाच धातूकडे जातात. संतुष्ट करणे, आनंद देणे हा त्याचा अर्थ असल्यामुळे व्युत्पत्तीच्या आधारे या दोन शब्दांत भेद करता येत नाही. जो भेद आहे तो वापराचा आहे. पूजेच्या संकल्पातील ‘परमेश्वरप्रीत्यर्थ’ आपल्या कानांवर असतो, तेव्हा धर्माच्या भाषेत हा शब्द नवा नव्हता. बोलण्यातून मात्र तो हळूहळू मागे सरला आणि कवितेत, नाट्यपदांत व मुलींच्या नावांत उरला. ख्रिस्ती मंडळींच्या प्रार्थनेत तो आजही रोजचा आहे; बाहेरच्या माणसाला मात्र तो एक तर शृंगारिक वाटतो, नाही तर पुस्तकी. गोव्याच्या ख्रिस्ती लोकांच्या कोंकणीत याच जागी ‘मोग’ येतो, आणि तो देवासाठी, आईसाठी व प्रेयसीसाठी सारखाच चालतो.

खरी चर्चा नामाची नसून क्रियापदाची आहे. मराठीत बहुतेक भावना आपण ‘करत’ नाही. राग येतो, कीव येते, भीती वाटते, लळा लागतो, प्रेम जडते, जीव बसतो. या वाक्यांत माणूस कर्ता नसतो. तो ‘मला’ किंवा ‘त्याला’ होऊन बाजूला उभा असतो आणि भावना आपल्या पायांनी चालत येते. म्हणूनच यांचा आज्ञार्थ होत नाही. ‘तुला त्याच्याबद्दल प्रेम वाट’ हे वाक्य कोणताही मराठी माणूस बोलणार नाही. याउलट बायबलच्या नव्या करारातील मत्तय या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातील ४४व्या वचनात येशू म्हणतो, ‘आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा’, आणि मूळ ग्रीकमधील ‘अगापाते’ हे रूपही आज्ञार्थीच आहे, तेही करत राहण्याचा अर्थ सांगणारे. नव्या करारातीलच लूकच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात हीच आज्ञा येते, आणि तेथे तिच्या पाठोपाठ द्वेष करणाऱ्यांचे बरे करा, शाप देणाऱ्यांना आशीर्वाद द्या, वाईट वागवणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, अशी तीन क्रियापदे आहेत. तिन्ही कृती हातांनी किंवा तोंडाने करायच्या आहेत. मनात काय वाटावे याची अट त्यांत कोठेही घातलेली नाही.

‘प्रेम करणे’ हा प्रयोगही मराठीत आहे, त्यामुळे ‘वैऱ्यांवर प्रेम करा’ हे व्याकरणदृष्ट्या मुळीच चूक नाही. परंतु आज ‘प्रेम’ म्हटले की ऐकणारा आधी मनाकडे पाहतो, आणि तेथे काही सापडले नाही की स्वतःला खोटा ठरवतो. वाचकांच्या प्रश्नातील ‘ढोंग’ हा शब्द येथूनच येतो, असे मला वाटते.

या विचाराची मुळे येशूच्याही आधीची आहेत. बायबलच्या जुन्या करारातील निर्गम या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात सांगितले आहे की, शत्रूचा बैल किंवा गाढव भटकलेले दिसले तर ते त्याच्याकडे पोहोचते करावे, आणि आपला द्वेष करणाऱ्याचे गाढव ओझ्याखाली बसलेले दिसले तर त्याला हात द्यावा. गाढवाच्या मालकाविषयी त्या क्षणी काय वाटते, हे तेथे कोणी विचारलेलेच नाही.

माझ्या आत्याच्या वाड्यात एक बाई राहत असत. नळाला पाणी आले की त्यांचे भांडण ठरलेले असे, आणि आमच्या घराण्यावरून त्या काहीबाही बोलत, ते लहानपणी मीही ऐकले आहे. दर नाताळात करंज्या आणि चकल्यांचे पहिले ताट आत्या त्यांच्याकडे नेई, आणि ताटावर विणलेला रुमाल नीट चारही बाजूंनी खोचून नेई. तुला त्या आवडतात का, असे मी एकदा विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘आवडतात असं मी कधी म्हटलं?’ त्याच बाईंना नळावर ‘तुमच्या दोन कळशा झाल्या, आता सरका’ असे ती तोंडावर सांगत असे. ढोंग म्हणजे मनात नसलेले तोंडाने बोलणे. आत्या तसे काही बोलत नव्हती. येशूचा प्रेषित पौल यानेही रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १२व्या अध्यायात प्रीती निष्कपट असावी असे आधी सांगितले, आणि त्याच अध्यायाच्या शेवटी शत्रू भुकेला असल्यास त्याला खायला दे असे लिहिले. त्याला या दोहोंत विरोध दिसला नाही.

येथे पसायदान आठवल्याशिवाय राहत नाही. ‘भूतां परस्परें जडो । मैत्र जीवाचें’ यात क्रियापद ‘जडो’ आहे, आणि ते अत्यंत अचूक आहे, कारण ज्ञानेश्वर माणसांना आज्ञा करत नसून देवाकडे मागत आहेत. जडणे हे मागावे लागते. करणे हे सांगता येते. ही दोन्ही वाक्ये मला सारखीच प्रिय आहेत, पण ती एकाच अर्थाची आहेत असे जे सरसकट म्हटले जाते, ते मला पटत नाही.

मराठी भाषांतराविषयी एक तक्रार मात्र नोंदवायला हवी. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १३व्या अध्यायात आपण ‘प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे’ असे वाचतो. मूळ ग्रीकमध्ये येथे विशेषणे नाहीत. दोन्ही क्रियापदे आहेत. पहिल्याचा अर्थ राग लांबवणे, लवकर न भडकणे असा आहे. ‘सहनशील’ म्हटले की मराठी कानाला, विशेषतः बायकांच्या बाबतीत, निमूट सोसत राहणे ऐकू येते, आणि त्या अर्थाने या शब्दाने काही घरांत नुकसानही केले आहे. ‘प्रीती धीर धरते, प्रीती भले करते’ असे म्हटले असते तर क्रिया क्रियाच राहिली असती. त्याच वचनातील ‘फुगत नाही’ हा शब्द मात्र अस्सल मराठी आहे आणि मुळाशी तंतोतंत जुळतो. तो निवडणाऱ्याला माझा नमस्कार.

शेवटी लेखनाविषयी. ‘प्रीती’ दीर्घ लिहावे, पण समासात पूर्वपद असताना ते ऱ्हस्व होते, म्हणून ‘प्रीतिभोजन’. उपासनेनंतरच्या या जेवणाच्या सूचनाफलकावर ‘प्रीतीभोजन’ असे हमखास दिसते. त्या पंगतीत शेजारी कोण बसेल ते आपल्या हाती नसते, आणि वाढणाऱ्याने कोणाचेही पान टाळून पुढे जायचे नसते.