तीनवर आणलीस, आता बंद कर

तुझा मेसेज दोनदा वाचला. छातीचा एक्सरे क्लिअर आला, दिवसाला दहा सिगरेटींवरून तीनवर आलोय, मग मॅडम आता टेन्शन घ्यायचं कारण नाही ना, असं विचारलंयस. आहे रे कारण. आणि तू हे मला, वडिलांची श्वासाची टेस्ट (स्पायरोमेट्री, नळीत फुंकायची) जिने घेतली तिला विचारतोयस म्हणजे तुझ्याही मनात कुठंतरी ते आहेच, नाहीतर एक्सरे कशाला काढला असतास, खोकला तर तुला नाहीये म्हणतोस.

आधी एक्सरेचं बोलू. एक्सरेत न्यूमोनिया दिसतो, टीबीचा डाग दिसतो, मोठी गाठ असली तर दिसते. सिगरेटने फुप्फुस हळूहळू खराब होत असतं ते सुरुवातीची बरीच वर्षं त्यात दिसत नाही. वडिलांना मी त्या नळीत फुंकायला लावलं तेव्हा तू शेजारीच उभा होतास. मी ओरडत होते फुंका, फुंका, अजून फुंका, सोडू नका, आणि तू मोबाईल खिशात ठेवून बघत राहिलास. निरोगी माणसाची 70 टक्क्यांच्या वर हवा पहिल्या सेकंदात बाहेर पडते, वडिलांची निम्मीसुद्धा पडली नाही. हवा आत अडकते म्हणून छाती फुगल्यासारखी राहते, नवीन श्वास घ्यायला जागाच उरत नाही, म्हणून ते दोन जिने चढले की कठड्याला धरून उभे राहतात.

हे होतं कसं ते नीट समजून घे. आपल्या फुप्फुसात 30 कोटींहून जास्त बारीक वायुकोश असतात, त्यांच्या पातळ भिंतीतून ऑक्सिजन रक्तात जातो. धुराने तिथं सतत सूज राहते, आणि सूज उतरवायला ज्या पेशी येतात त्यांच्या रसायनांनीच त्या भिंती विरघळायला लागतात. पायजम्याचं इलॅस्टिक जसं सैल पडलं की परत आकसत नाही तसं फुप्फुसाचं होतं. आणि त्या भिंती परत उगवत नाहीत, कुठल्याही पंपाने नाही, कुठल्याही काढ्याने नाही. श्वासनळीतल्या बारीक केसांचं तसं नाही, ते धुराने लुळे पडतात पण सिगरेट बंद केली की कामाला लागतात, म्हणून सोडल्यावर काही दिवस खोकला उलट वाढू शकतो. तेव्हा घाबरून "बघा, सोडली आणि त्रास सुरू झाला" म्हणत परत टपरीवर जाणारी किती माणसं बघितलीत मी! तू तसं करू नकोस.

आता तुझ्या तीनचं. कमी करणं म्हणजे सोडणं नाही. मी हे सगळ्यांना सांगते, आणि लोकांना राग येतो. एका पेशंटच्या घरच्यांनी तर माझी तक्रार केली होती, मॅडम फार तोडून बोलतात, माणूस प्रयत्न करतोय त्याचं कौतुक नाही. करू दे तक्रार. माझ्या दादाने पाकिटावरून दोनवर आणली होती, एक सकाळी चहाबरोबर आणि एक रात्री जेवल्यावर, घरात सगळ्यांनी कौतुक केलं, आईने शिरा केला. पन्नाशीच्या आत हार्ट अटॅकने गेला. फुप्फुस त्याचं बरं होतं रे, त्याला कधी साधी धापसुद्धा लागली नव्हती! त्या दोनसाठी मी त्याच्याशी भांडले नाही ते मला अजून टोचतं, आणि म्हणून मी आता भांडते, कुणाला आवडो न आवडो.

हृदय सिगरेटी मोजत बसत नाही. 2018 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब आला होता, दिवसाला वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो त्यातला जवळजवळ निम्मा दिवसाला एक ओढणाऱ्यालाही असतो. वीसाव्या भागाची सिगरेट आणि निम्मा धोका! कारण थोडा धूरसुद्धा रक्त चिकट करायला आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडवायला पुरतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड, जो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटीहून जास्त घट्ट चिकटतो. पायांची तीच गोष्ट. बर्जर म्हणून आजार आहे, तंबाखू ओढणाऱ्या तरुण पोरांनाच जास्त होतो, बोटं काळी पडतात आणि कापावी लागतात, आणि त्यात डॉक्टर स्पष्ट सांगतात की दिवसाला एक-दोन चालू राहिल्या तरी आजार चालू राहतो, पूर्ण बंद हाच उपाय. मूत्राशयाचा कॅन्सरही यातूनच, धुरातली विषं किडनी गाळते आणि ती लघवीत तासन्‌तास पडून राहतात.

कमी करणं म्हणजे सोडणं नाही, परत सांगते. तीनची तीन राहत नाहीत, नाइट शिफ्ट लागली, सुपरवायझर बोलला की परत सहा होतात. शिवाय कमी केल्या की माणूस प्रत्येक सिगरेट जास्त खोल ओढतो, शेवटपर्यंत ओढतो, शरीर आपलं निकोटिन वसूल करून घेतं. आणि तू म्हणतोस पाकीट घेत नाही, सुटी घेतो म्हणून कंट्रोल राहतो. महाराष्ट्रात सुटी सिगरेट विकायला 2020 पासूनच बंदी आहे, टपरीवाला तरी देतोच, कारण त्याला माहितीये की सुटी घेणारा रोज येतो.

तू सत्तावीसचा आहेस म्हणून मी एवढं लिहितेय. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल या संशोधकाने 1951 पासून डॉक्टरांवरच पन्नास वर्षं अभ्यास केला. ओढत राहिलेले सरासरी दहा वर्षं लवकर गेले. तिशीत सोडली त्यांची ती दहाच्या दहा वर्षं जवळपास वाचली, साठीत सोडली त्यांची तीन. वडिलांनी आत्ता सोडली त्याचाही उपयोग आहे, पुढची घसरण मंदावते, त्यांना टोमणे मारू नकोस. पण तुझ्या हातात जे आहे ते त्यांच्या हातात आता नाही.

तर तारीख ठरव, याच आठवड्यातली. पहिले तीन-चार दिवस वाईट जातात, चिडचिड होते, झोप लागत नाही, पण तलफ येते ती काही मिनिटांत ओसरते, तेवढी काढायची. चहा टपरीवर नको, कॅन्टीनमध्ये पी, महिनाभर मित्र नाराज झाले तर होऊ देत. निकोटिनचं च्युइंगगम घेणार असशील तर डॉक्टरांना विचारून घे, आणि ते साध्या च्युइंगगमसारखं चावत बसायचं नसतं, थोडं चावून गालात ठेवायचं. 1800-11-2356 हा तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फोन आहे, फुकट आहे, लाजू नकोस. आणि वडिलांना पुढच्या तपासणीला आणशील तेव्हा तूही फुंकायला बस, डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन ये, टेस्टच्या आधी दोन तास जड खाऊ नकोस.

तुझ्या मॅडम