नव्या गिरणीवाल्याला

गिरणी सुरू केलीस, फार बरं वाटलं. यंत्राचं तू शिकशीलच, मी डब्यांबद्दल सांगतो. माणूस डबा ठेवून निघून जातो तो तुझ्या भरवशावर. ‘बारीक की जाडसर?’ हे पहिल्यांदाच विचार आणि वहीत लिहून ठेव. कुणाला भाकरीचं पीठ मऊसूत लागतं, कुणाला लाडवासाठी डाळ रवाळ हवी असते.

उपवासाच्या भाजणीला मात्र फार जप. गिरणीत गहू उरला असेल आणि त्यावर राजगिरा, वरई दळलीस, तर समोरच्याचा उपवास मोडतो. आषाढी आणि महाशिवरात्रीआधी मी गिरणी आतून झाडून एक अख्खी सकाळ फक्त उपवासाच्या दळणाला ठेवतो, तशी पाटीही लावतो. त्या सकाळीमुळे लांबच्या गल्लीतली घरं वर्षभर येतात.

एकदा घाईत ज्वारीवरच एका आजींचे गहू दळले. पोळ्या तुटल्या. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त यायच्या थांबल्या. कळल्यावर ५ किलो गहू दळून स्वतः घरी नेऊन दिले. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा डबा पुन्हा ओट्यावर होता.

आणि पीठ गरम असताना झाकण घट्ट लावू नकोस, वाफ धरून गुठळ्या होतात. घरी गेल्यावर पसरून ठेवा, असं प्रत्येकाला सांग.