फ्रँचायझी म्हणजे संघ नव्हे

प्रश्न असा आहे: अमेरिकन फुटबॉलमधल्या ग्रीन बे पॅकर्सला 'लोकांच्या मालकीची फ्रँचायझी' म्हणतात, मग फ्रँचायझीला मराठीत संघ म्हणावं की संघमालक?

दोन्ही नाही. क्रिकेटच्या बातम्यांनी या शब्दाची पार वाट लावली आहे. 'फ्रँचायझी नाराज', 'फ्रँचायझीचा सराव सुरू'! अहो, नाराज होतो तो मालक, सराव करतो तो संघ. फ्रँचायझी हा हक्क आहे, लीगने दिलेला आणि लीगला काढून घेता येणारा. जकातीचा मक्ता असे, तसा हा लीगमध्ये संघ उतरवण्याचा मक्ता.

पुरावा पॅकर्सच्याच इतिहासात आहे. १९१९ साली विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बेमध्ये कर्ली लॅम्बो आणि जॉर्ज कॅल्हून यांनी हा संघ उभा केला. लॅम्बो इंडियन पॅकिंग कंपनीत नोकरीला होता. मांस डबाबंद करणाऱ्या त्या कंपनीने गणवेशांचे पैसे दिले, म्हणून नाव पॅकर्स. पुढे ती कंपनी अ‍ॅक्मी पॅकिंगकडे गेली आणि १९२१ मध्ये फ्रँचायझी मिळाली ती अ‍ॅक्मीच्या क्लेअर बंधूंना. त्याच हंगामात कॉलेजची पोरं खोट्या नावांनी खेळवल्याचं उघडकीला आलं आणि १९२२ च्या सुरुवातीला लीगने फ्रँचायझी काढून घेतली. संघ होता, लॅम्बो होता, फ्रँचायझी तेवढी नव्हती. काही महिन्यांनी लॅम्बोने ती मिळवली. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच असता, तर हे घडलंच नसतं.

१९२३ मध्ये पाच-पाच डॉलरचे भाग (शेअर) गावात विकून ना-नफा कंपनी झाली. आज भागधारक पाच लाखांवर आहेत. लाभांश नाही, भाग बाजारात विकता येत नाही. याला काही जण हौसेने 'सहकारी संघ' म्हणतात, तेही चूक. सहकारात एका सभासदाला एक मत; इथे जितके भाग तितकी मतं.

आता मूळ शब्दाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'फ्राँशीझ' म्हणजे स्वातंत्र्य, मोकळीक. त्यातून राजाने दिलेली सवलत, त्यातून मताधिकार, त्यातून धंद्याचा परवाना. मताधिकाराचा आणि परवान्याचा असे दोन वेगळे शब्द आहेत असं ठासून सांगणाऱ्यांनी एकदा व्युत्पत्तिकोश उघडावा. 'फ्राँशीझ'च्या मुळाशी आहे 'फ्रँक', म्हणजे गॉल (आजचा फ्रान्स) जिंकणारी जर्मानिक टोळी. जेत्यांच्या राज्यात पुरते स्वतंत्र तेच, म्हणून त्यांचं नावच 'स्वतंत्र' या अर्थाने रूढ झालं. क्रूसेडच्या, म्हणजे ख्रिस्ती-मुस्लिम धर्मयुद्धांच्या काळात अरबांनी तमाम पश्चिम युरोपीयांना तेच नाव दिलं. अरबीतून ते फारसीत 'फरंगी' झालं आणि आपल्याकडे आलं 'फिरंगी'! फ्रँचायझी आणि फिरंगी सख्खी भावंडं आहेत.

आणि टोळीला हे नाव कशावरून? एक पक्ष म्हणतो, 'स्वतंत्र' हाच मूळ अर्थ. मला तो उलटा प्रवास वाटतो. दुसरा पक्ष म्हणतो, भाल्यावरून. जुन्या इंग्रजीत 'फ्रांका' म्हणजे फेकायचा भाला. मी याच पक्षाचा. शेजारच्या टोळीचे सॅक्सनसुद्धा 'सॅक्स' या सुऱ्यावरूनच ओळखले गेले असं मानतात, मग फ्रँकांनी काय घोडं मारलंय? आणि मराठीत पुढे काय झालं पाहा: युरोपातून आलेल्या सरळ पात्याच्या तलवारीला आपण म्हणालो 'फिरंग'. शस्त्राचं नाव टोळीला, टोळीचं नाव पुन्हा शस्त्राला. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या वसईकडच्या मुलखाचं 'फिरंगाण' हे नावही याच गोतावळ्यातलं.

मराठीत म्हणायचं तर 'संघहक्क' किंवा सरळ 'मक्ता' म्हणा.