डावपेच : द्वारका चौक, व्हेनिस आणि साहेबांचा रशिया

मागच्या अंकात ऑफिसात खेळायच्या खेळांबद्दल लिहिताना मी ‘डिप्लोमसी’चं नाव घेतलं आणि स्वतःची पंचाईत करून घेतली. या महिन्यातली निम्मीअधिक पत्रं त्यावरच आहेत. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९०१ सालच्या युरोपचा नकाशा, सात खेळाडू, सात देश. नकाशावर ३४ केंद्रं असतात (जितकी केंद्रं तितकं सैन्य), १८ ज्याच्या हाती तो जिंकला. डावातल्या एका वर्षात दोन चाली, एक वसंतात आणि एक शरदात. फासे नाहीत, पत्ते नाहीत. आधी वाटेल तेवढं बोलायचं, मग प्रत्येकानं गुपचूप ऑर्डर, म्हणजे आपल्या चाली, लिहायच्या आणि वेळ संपली की सगळ्यांच्या एकदम उघडायच्या. ऑनलाइन खेळात हे उघडण्याचं काम संगणक करतो, त्यामुळे निदान हिशेबावरून भांडणं होत नाहीत. बाकीच्या सगळ्यावरून होतात.

माझा अधिकार विचाराल तर नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात परचेसमध्ये बावीस वर्षं, आणि २०२० च्या लॉकडाउनपासून ऑफिसच्या ग्रुपवर अकरा डाव. जिंकले दोन.

प्रश्न : अंबडला एका कंपनीत डिझाइन विभागात आहे. आम्ही सात सहकारी रोज एक चाल खेळतो, रात्री नऊला ऑर्डर बंद होतात. मी शाळेपासून बुद्धिबळ खेळतो, जिल्हा स्पर्धाही खेळलोय. तरी दोन्ही डावांत ऑस्ट्रिया वाट्याला आला आणि दोन्हीदा १९०३ च्या आत संपलो. चाली तपासून पाहिल्या, चूक सापडत नाही. — एक वाचक, पाथर्डी फाटा

चूक चालींत सापडणारच नाही. तुमच्या दोन पानी पत्रात चाली अकरा आहेत आणि कुणाशी काय बोललात त्याची ओळ एकही नाही. बुद्धिबळात शेजारच्या पटावरचा माणूस तुम्हाला वजीर उसना देत नाही. इथे तो दिल्याशिवाय कुणाचंच चालत नाही.

संध्याकाळी साडेसहाला द्वारका चौकात जाऊन उभे राहा. एकाच फटीत इकडून रिक्षा घुसते, तिकडून टेम्पो. दोघांची ताकद सारखी, दोघंही जागच्या जागी. खेळात याला बाउन्स म्हणतात. इथे सैन्य असो की आरमार, प्रत्येकाची ताकद एक. कुणी शूर नाही, कुणी मोठं नाही. मग तिसरा कुणी टेम्पोला हात दाखवून थांबवतो आणि रिक्षावाल्याला म्हणतो, ‘घे रे, घे.’ रिक्षा सुटते. हा तिसरा म्हणजे सपोर्ट. त्यालाच कुणी मागून धडक दिली की त्याचा हात खाली येतो आणि सपोर्ट तुटतो. डिप्लोमसीची जवळजवळ सगळी यंत्रणा एवढीच आहे. तुमच्याकडे सुरुवातीला असतात तीन मोहरे. शेजाऱ्यानं त्याच्या ऑर्डरींत तुमच्यासाठी एक ओळ लिहिली तरच तुम्ही पुढे सरकता. ती ओळ लिहून घेणं हा खरा खेळ, बाकी कारकुनी.

आता ऑस्ट्रिया. तुमचं त्रिएस्त आणि इटलीचं व्हेनिस एकमेकांना चिकटलेली आहेत. सुरुवातीच्या नकाशात दोन देशांची घरची केंद्रं अशी सामाईक भिंतीची असण्याची ही एकच जागा आहे. वाड्यात राहिलेल्यांना जास्त सांगायला नको. ऑस्ट्रिया लवकर मरतो तो बहुधा या भिंतीपायी. त्यामुळे डाव सुरू झाला की सकाळच्या चहाआधी इटलीला मेसेज गेला पाहिजे. काय लिहायचं? ‘आपण मित्र राहू’ असलं काही नको. ते सातही जण सातही जणांना लिहितात. असं लिहा:

‘त्रिएस्तचं आरमार अल्बेनियाला काढतोय, बुडापेस्टचं सैन्य सर्बियात. तू व्हेनिसचं सैन्य हलवू नकोस. शरदात सर्बियाच्या सपोर्टनं मी ग्रीस घेतो, तू ट्यूनिस घे. १९०२ ला दोघं मिळून तुर्कस्तान.’

यात गोडवा नाही, पण रात्री नऊनंतर प्रत्येक शब्द ताडून पाहता येतो. परचेसमध्ये मी हेच शिकले. ‘मॅडम, घरचंच समजा’ म्हणणाऱ्या सप्लायरनं माझी लाइन दोनदा बंद पाडली होती. दुसरा एक होता, तोंडानं अगदी रुक्ष. फोन करून सांगायचा, ‘गुरुवारी जमणार नाही. शुक्रवारी तीनला गाडी गेटवर.’ शुक्रवारी पावणेतीनला गाडी गेटवर असायची. पुढे भावात तो दोन रुपये चढा असला तरी ऑर्डर त्यालाच जायची, आणि साहेबांना कारण मी द्यायची. ऑस्ट्रियानं पहिली दोन वर्षं तो शुक्रवारवाला व्हायचं.

इटली ऐकेलच असं नाही. पण तुम्ही उरलेल्या पाचांशीही बोलत असाल तर इटली त्रिएस्तमध्ये शिरल्यावर तुमच्या बाजूनं बोलणारं कुणीतरी असेल. तुमच्या दोन डावांत ते नव्हतं. बाकी सगळे रात्री जेवणं झाल्यावर मेसेज करत होते आणि तुम्ही नकाशा बघत होता. जाता जाता सांगते, हा खेळ काढणारा अॅलन कॅलहॅमर अमेरिकन. १९५९ मध्ये त्यानं खेळ स्वतःच छापून विकायला काढला आणि पुढे नोकरी केली ती पोस्टमनची. शोभलं.

प्रश्न : आमच्या डावात मी तुर्कस्तान आणि आमचे टीम लीडर रशिया. दोघांची युती छान चाललीय, पण आता त्यांच्या दक्षिणेला सैन्य काहीच उरलेलं नाही. सेव्हास्तोपोल आणि रुमानिया मला एकाच शरदात मिळू शकतात. मार्चमध्ये अप्रेझल आहे. काय करू? — एक वाचक, इंदिरानगर

तुमचं पत्र वाचून मला आमचे स्टोअरवाले दादा आठवले.

२०२१ चा पावसाळा. मी तुर्कस्तान, दादा रशिया. पहिल्याच वसंतात ठरवून आम्ही दोघांनी काळ्या समुद्रात आरमार घातलं, बाउन्स झाला आणि समुद्र मोकळा राहिला. सगळ्यांना वाटलं जुंपली. त्या एका नाटकावर ऑस्ट्रिया आमच्या दोघांच्या मधोमध येऊन बसला आणि दोन वर्षांत संपला. दादा माणूस सरळ. प्रत्येक ऑर्डर आधी सांगायचे आणि तीच टाकायचे. १९०६ च्या शरदात मी त्यांचा गेम केला. सेव्हास्तोपोल, रुमानिया, बुडापेस्ट, तिन्ही एका रात्रीत. नऊ वाजून एक मिनिटांनी ग्रुपवर फटाके, टाळ्या, ‘मॅडम जोरात’. दादांचा काहीच मेसेज नाही.

सोमवारी इंडेंट घेऊन स्टोअरला गेले. बेअरिंग हवी होती, सहा नग. दादांनी कागद पाहिला, चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाले, ‘सेव्हास्तोपोलहून मागवा.’ बेअरिंग दिली, सही केली, पण मान वर केली नाही. तो डाव मी जिंकले. त्या आठवड्यात डबा मात्र एकटीनं खाल्ला. पूर्वी बुधवारी त्यांच्या घरच्या मटकीच्या उसळीत माझा वाटा असायचा.

आता तुमचं. पटापुरतं बोलायचं तर वेळ बरोबर आहे. केंद्रांची मोजणी शरदानंतर होते आणि नवं सैन्य हिवाळ्यात मिळतं, म्हणून दगा द्यायचा तो शरदात. वसंतात दिलात तर समोरच्याला आवरायला अख्खा शरद मिळतो. एका केंद्रासाठी कधीच नाही. तेवढ्यात फक्त शत्रू मिळतो. एका रात्रीत दोन केंद्रं तुमच्याकडे आली म्हणजे त्यांची दोन कमी आणि तुमची दोन जास्त, फरक चारचा. त्यातून साहेब पुन्हा उभे राहणार असतील तर थांबा. राहणार नसतील तर करा.

साहेब आहेत म्हणून सोडून द्याल तर ते उरलेल्या पाचांना दिसतं. मग तुम्ही तुर्कस्तान राहत नाही, रशियाचं आणखी एक सैन्य होता, आणि तुमच्याशी बोलायचं तर लोक साहेबांशीच बोलतात. हे ऑफिसातही होतं, पण ते दुसऱ्या सदराचं काम.

मी दादांच्या बाबतीत चुकले ते नऊ वाजल्यानंतर. फटाक्यांत मीही हसरे चेहरे टाकत बसले. त्याऐवजी नऊ वाजून दोन मिनिटांनी त्यांना फोन करायला हवा होता: ‘दादा, घेतलं मी. उद्या डब्याला भेटू.’ तुम्ही तेवढं करा. आणि अप्रेझलची भीती खरीखुरी असेल, म्हणजे तुमचे साहेब खेळातला राग सहामाहीपर्यंत धरणारे असतील, तर या डावात रशियाशी बरोबरी मान्य करा आणि पुढचा डाव निनावी लावा. बऱ्याच साइटवर ती सोय असते. कोण कुठला देश हे डाव संपेपर्यंत कळत नाही.

दादांची उसळ परत सुरू झाली. पाच महिने लागले.

प्रश्न : फ्रान्सनं मला एक स्क्रीनशॉट पाठवलाय. त्यात माझाच मित्र जर्मनी त्याला लिहितोय, ‘इंग्लंडला या वसंतात संपवू.’ इंग्लंड मी आहे. विश्वास ठेवू का? — एक वाचक, पंचवटी

गंगापूर रोडनं रोज आनंदवल्लीवरून जाणाऱ्या गावानं तरी हे विचारू नये! राघोबादादांचा मुक्काम तिथे असे. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हा ‘धरावे’चं ‘मारावे’ आनंदीबाईंनी केलं असं सांगतात. केलं की नाही यावर इतिहासकार भांडोत, पण एक अक्षर बदलायला त्या काळी निदान बोरू लागत होता. आता दोन मिनिटं लागतात.

चित्र खरं की खोटं याच्या मागे लागू नका. ते आत्ताच तुमच्या हातात का आलं, ते विचारा. तुम्ही जर्मनीवर उलटलात तर फायदा कुणाचा? बहुतेक वेळा ज्यानं पाठवलं त्याचाच. जर्मनीला स्क्रीनशॉट दाखवू नका. त्याच्याकडे एक छोटी, तपासता येईल अशी गोष्ट मागा: ‘या वसंतात डेन्मार्कचं आरमार उत्तर समुद्राकडे आणू नकोस, बाल्टिककडे ने.’ नऊला कळेलच. तोवर लंडन आणि एडिंबरा झाकून ठेवा.

प्रश्न : मेसेज लिहायला वेळ नसतो म्हणून मी ते चॅटजीपीटीकडून लिहून घेते. चालेल ना? — एक वाचक, कॉलेज रोड

नियमात कुठे आडवं येत नसेल तर चालेल. पण आमच्या ग्रुपवर एकानं हे केलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलं. एरवी ‘हो बघू’ एवढंच लिहिणारा माणूस एकाएकी ‘आपल्या परस्पर हितसंबंधांचा विचार करता’ लिहू लागला. बँकेचं पत्र आल्यासारखं वाटलं.

यंत्राला हा खेळ येतच नाही असं मात्र नाही. २०२२ मध्ये मेटा कंपनीचा ‘सिसेरो’ नावाचा प्रोग्राम ४० ऑनलाइन डाव माणसांशी बोलून खेळला आणि एकाहून जास्त डाव खेळलेल्यांत वरच्या दहा टक्क्यांत आला. त्याची घडणच अशी होती की आधी स्वतःच्या आणि समोरच्याच्या चाली ठरवायच्या आणि मग त्यांना धरून मेसेज लिहायचा. तुम्ही उलटं करताय. आधी चाल ठरवा. ती ठरली की मेसेज दोन ओळींचा होतो, वेळेचा प्रश्नच राहत नाही.

प्रश्न : तुर्कस्तान, १५ केंद्रं. आता इंग्लंड, फ्रान्स आणि जर्मनी तिघं एक झालेत आणि मी तीन वर्षं जागचा हललो नाही. नकाशा सोबत जोडलाय. — एक वाचक, सिडको

आमच्याकडे याला बारभाई म्हणतात. राघोबादादांविरुद्ध नाना फडणवीस आणि सखारामबापूंनी जुळवलेली ती मसलत. कुणी एक फार पुढे गेला की बाकीचे आपोआप भाऊ होतात. तुम्ही दहावर असतानाच हे ओळखून कुणाला तरी तुमच्याइतकं मोठं होऊ द्यायला हवं होतं. लोकांनी आधी त्याच्याकडे बघितलं असतं. असो.

तुर्कस्तानचं गणित मी पाठ करून ठेवलंय. घरची ३, बाल्कनातली ४, ऑस्ट्रियाची ३, म्हणजे १०. रशियाची दक्षिणेकडची तीन धरून १३, इटलीची तीन धरून १६, ट्यूनिस १७. अठरावं केंद्र नेहमी पलीकडे असतं: म्युनिक, बर्लिन, सेंट पीटर्सबर्ग किंवा स्पेन-मार्सेयकडे. नकाशावर वायव्येतून आग्नेय वेगळी करणारी एक तिरकी रेघ आहे. समोरच्यांनी ती नीट अडवली की कितीही डोकं आपटा, फुटत नाही. तुम्ही मात्र व्हेनिस आणि ट्यूनिससाठी समुद्रात झुंजत राहिलात आणि तेवढ्यात त्यांना रेघ बांधायला वेळ मिळाला.

नकाशात एक जागा अजून सैल दिसतेय. म्युनिकमध्ये जर्मनीचं सैन्य एकटं आहे. बर्लिन, कील, रूर, बर्गंडी रिकामी. तुमचं व्हिएन्नाचं सैन्य बोहेमियात, त्रिएस्तचं टायरोलमध्ये, वॉर्साचं सायलेशियात न्या, तिन्ही एकाच वसंतात. शरदात एकानं चाल आणि दोघांनी सपोर्ट. पण त्याआधी जर्मनीला पत्र लिहा. बारभाईंतल्या सखारामबापूंची अखेर नानांच्याच कारभारात कैदेत झाली, आणि तुमच्या नकाशातला बापू जर्मनीच आहे. इंग्लंडची तीन आरमारं त्याच्या दाराशी उभी आहेत आणि त्यांतलं एकही तुमच्या दिशेला तोंड करून नाही. तेवढंच त्याला दाखवा, बाकी काही मागू नका.

हा अंक हातात पडेपर्यंत तुमचा तो शरद होऊन गेला असेल. म्हणून तुम्हाला हे उत्तर आधीच कळवलं होतं. तुमचं ‘पाठवलं पत्र, जर्मनीनं फक्त अंगठा दाखवलाय’ एवढं आलं, त्यानंतर काही नाही. काय झालं?