बाई म्हणतात शीक, आई म्हणते नोकरी सांभाळ

प्रश्न : ताई, मी वसईची, वय २३. बी.कॉम. करून वसई पूर्वेला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. आमच्या चर्चमध्ये महिन्यातून एका रविवारी आसपासच्या गावांतले कर्णबधिर भाविक एकत्र मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, येतात. कर्णबधिर शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्या एक बाई वेदीच्या बाजूला उभ्या राहून त्यांना हातांनी सगळं सांगतात. मी आधी नुसती बाकं लावायला आणि नंतर चहा द्यायला जायचे. बाईंनी मला बोटांची मुळाक्षरं शिकवली, मग प्रार्थना, मग बायबलची वाचनं. आता प्रवचन सोडून बाकीचं मी सांगते. बाई म्हणतात, ‘तुझ्या हातांत हे आहे. रीतसर शीक, दुभाषी हो.’ घरी सांगितलं तर आई म्हणाली, ‘देवाचं काम रविवारी, पोटाचं काम सोमवारी.’ बाबांना वाटतंय, मला सिस्टर, म्हणजे धर्मभगिनी, व्हायचंय आणि मी ते आडून सांगतेय. मलाच कळत नाही, हे माझं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं आहे, की बाईंच्या कौतुकाने मी हुरळून गेलेय?
— एक वाचक, वसई

उत्तर : तुझं पत्र आलं आणि फार आनंद झाला. माझी सगळी नोकरी कर्णबधिर मुलांना शिकवण्यात गेली, त्यामुळे तुझ्या बाईंचं म्हणणं मी हलक्यात घेणार नाही. तूही घेऊ नकोस. इतकी वर्षं मुलांचे हात पाहिलेली शिक्षिका उगाच कुणाला ‘शीक’ म्हणत नाही.

तरी फक्त बाईंच्या शब्दावर जाऊ नकोस. पुढच्या बाकांवर बसणारी माणसं काय करतात ते बघ. मिस्सानंतर कुणी तुझी बाही ओढून तुला गप्पांत घेतं का? तुझी खूण चुकली तर थांबवून नीट करून दाखवतं का? परक्या माणसाची चूक कुणी काढत नाही, हसून मान डोलावतात. कुणी तुझी बोटं धरून दुरुस्त करत असेल, तर त्यांनी तुला आपलं मानलंय. आणि त्यांना सरळ विचार, ‘मी दुभाषी झाले तर तुम्हाला हवी आहे का?’ ज्यांच्यासाठी हे काम करायचं, त्यांचं मत बाईंच्या आणि माझ्या मताहून मोठं आहे.

बाबांची शंका लवकर मिटेल. पाचारण म्हटलं की आपल्याकडे लगेच फादरांची सेमिनरी आणि सिस्टरांचं कॉन्व्हेंट डोळ्यांसमोर येतात, पण कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या, म्हणजे तुझ्या-माझ्यासारख्या साध्या भाविकांच्या, प्रेषितकार्यावर स्वतंत्र आदेशपत्रच काढलं. लग्नसंसार करून, पगार घेऊनही हे काम देवाचंच राहतं. हवं तर फादरांनाच घरी बोलव, बाबा त्यांचं ऐकतील.

आईच्या बोलण्यावर मात्र मला जरा सविस्तर लिहायचंय. एकदा मी एका दवाखान्यात बसले होते. कोळीवाड्यातला एक कर्णबधिर बाप डॉक्टरांसमोर होता आणि मध्ये उभी त्याची तिसरी-चौथीतली लेक. तिला ऐकू येत होतं. डॉक्टर तिला सांगत होते, ती बापाला. मध्येच तिचे हात थांबले. तिने डॉक्टरांकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि ‘सगळं ठीक आहे’ अशी खूण केली. ठीक काहीच नव्हतं. त्या पोरीला काय म्हणणार? बापाच्या आजाराची बातमी बापाला देण्याचं तिचं वय होतं का? तिथे एक शिकलेला दुभाषी हवा होता, आणि तो दिवस रविवार नव्हता. बँकेत, पोलीस ठाण्यात, शाळेच्या पालकसभेत हेच चालतं. मला याचा अजूनही राग येतो.

‘रीतसर शीक’ असं बाई म्हणतात ते याचसाठी. प्रार्थना आणि वाचनं ठरलेली असतात, ती पाठ करता येतात. प्रवचनात फादर कुठून कुठे जातील सांगता येत नाही, म्हणून ते बाईंनी अजून स्वतःकडे ठेवलंय. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. वेळ आधी येते, नकार शेवटी येतो, चेहरासुद्धा बोलण्याचाच भाग असतो. भुवया उंचावल्या नाहीत तर ‘तू गोळी घेतलीस?’ याचं ‘तू गोळी घेतलीस’ होऊन बसतं. आणि दवाखान्यात जे कळलं ते चर्चच्या आवारात कुणाला सांगायचं नाही, अगदी बाईंनाही नाही, ही शिस्तही शिकावी लागते.

यासाठी दोन वर्षांची पदविका आहे, भारतीय सांकेतिक भाषा दुभाषी. भारतीय पुनर्वास परिषदेची तिला मान्यता आहे. बारावी झालेल्यांना ती करता येते, तुझं तर बी.कॉम. झालंय. वांद्रे रेक्लमेशनला कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ सालापासूनची, तिथे हा अभ्यासक्रम चालतो. विरार-चर्चगेट लोकलने घरून जाऊन-येऊन करता येईल. दिल्लीला २०१५ मध्ये सांकेतिक भाषेसाठी वेगळं केंद्रही निघालं, पण वसईच्या मुलीने दिल्ली कशाला गाठायची?

पोटाचं काय, हे आईने विचारणं बरोबरच आहे. पदविका हातात पडली की लगेच कायम नोकरी मिळेल असं मी सांगणार नाही. पण कामाला आता कायद्याचा आधार आहे. बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराची साक्ष घेताना न्यायालयाने दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यायची, ही तरतूद २०१३ मध्ये आली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दूरचित्रवाणीसारख्या माध्यमांतही सांकेतिक भाषेची सोय करायला सांगितलंय. कुणी बोलावलं तर मानधन विचारायला लाजू नकोस. ‘सेवा आहे ना, मग पैसे कसले?’ असं म्हणणारे चर्चमध्येही भेटतील. दुभाष्याला पोट भरता आलं नाही, तर पुढच्या वेळी त्या दवाखान्यात पुन्हा ती लेकच उभी असेल.

आपल्या संत गोन्सालो गार्सियांची गोष्ट आईला सांग. येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूंबरोबर ते कोवळ्या वयात वसईहून जपानला गेले, धर्मशिक्षणाच्या कामात मदत करता करता जपानी शिकले. त्या संघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा काही पुरी झाली नाही. मग त्यांनी व्यापार केला, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाचे बंधू झाले, आणि १५९३ मध्ये पुन्हा जपानला गेले ते दुभाषी म्हणून. १५९७ साली नागासाकीला हुतात्मा झाले. मदतनीस म्हणून शिकलेली भाषाच त्यांच्या कामी आली. मधली व्यापाराची वर्षं कुणी वाया गेली म्हणत नाही, तशी तुझी अकाउंट्सची वर्षंही वाया जाणार नाहीत.

नोकरीचा राजीनामा आज देऊ नकोस, प्रवेश पक्का होऊ दे. तोवर बाईंकडे एकच हट्ट धर, प्रवचनाची पहिली पाच मिनिटं तुला द्यायची. त्यांनी शेजारी उभं राहायचं, अडलीस तर पुढचं सांगायचं, आणि मिस्सानंतर काय सुटलं ते न लपवता सांगायचं. एका कामाच्या दिवशी रजा टाकून आईला वांद्र्याला घेऊन जा. फी, वेळ, पुढचं काम, जे विचारायचं ते तिला स्वतः विचारू दे.