सरांच्या नावाने ट्रस्ट काढू का?

नमस्कार बाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. बाई 67 वर्षांच्या, सांगलीच्या निवृत्त शिक्षिका. पेन्शन महिना 38,000, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आधीचे 15 लाख. मिरजेकडचा प्लॉट विकून, कर भरून हातात 12 लाख उरलेत. ते दिवंगत यजमानांच्या, म्हणजे सरांच्या नावाने ट्रस्ट काढून त्यात ठेवायचे आणि व्याजातून पाच लहान संस्थांना दरवर्षी मदत करायची, असा बेत आहे. कोणी रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण देतं, कोणी औषधं, कोणी निराधार म्हाताऱ्यांना घरपोच डबा. अमेरिकेतला मुलगाही दरवर्षी थोडे पैसे घालायला तयार आहे.

द्यायचं की नाही हा प्रश्नच नाही, तुम्ही ते ठरवलेलंच आहे. पण ट्रस्ट काढू नका.

ट्रस्टची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी लागते, मग आयकर खात्याकडे वेगळी. दरवर्षी ऑडिट, विवरणपत्र, बैठकांची इतिवृत्तं. एखादा विश्वस्त वारला किंवा पुण्याला राहायला गेला तरी 90 दिवसांत बदल अर्ज. एवढा व्याप 12 लाखांसाठी? व्याजातला बराचसा भाग सीएची फी आणि हेलपाटे यांतच जाईल. त्यात एक गंमत अशी की तुम्हाला ज्येष्ठ नागरिक योजनेत आज 8.2 टक्के मिळतात. ट्रस्टला ती योजनाच नाही, कारण ट्रस्टला साठी येत नाही. त्याला बँकेच्या ठेवीसारख्या मार्गांवर भागवावं लागेल.

आणि मुख्य म्हणजे ट्रस्टमध्ये घातलेला पैसा परत मिळत नाही. उद्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तर तो रुपयाही तुमचा नसेल. पत्रात दोन ओळींत गुडघ्याचा उल्लेख करून तुम्ही लगेच विषय बदललात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

म्हणून 12 मधले 3 लाख बँकेत मुदत ठेवीत, फक्त तुमच्या दुखण्याखुपण्यासाठी. त्याला हात लावायचा नाही. उरलेले 9 लाख तुमच्याच नावावर ज्येष्ठ नागरिक योजनेत. मर्यादा 30 लाखांची आहे, त्यामुळे ते बसतात, आणि खातं उघडताना मिळालेला दर पाच वर्षं बदलत नाही. वर्षाचं व्याज 73,800, म्हणजे दर तिमाहीला 18,450. हे सरांच्या नावाचे पैसे. त्यासाठी वेगळं बचत खातं उघडा, म्हणजे किराणा आणि दान यांची सरमिसळ होणार नाही.

80जीची, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीची, काळजीही सोडा. पेन्शन आणि सगळं व्याज मिळून तुमचं उत्पन्न पावणेसात लाखांच्या आसपास जाईल. नव्या करप्रणालीत त्यावर करच लागत नाही, आणि जो कर नाहीच त्यावर सवलत कसली घेणार? ‘80जी असलेलीच संस्था’ ही तुमची अट त्यामुळे निरर्थक ठरते, उलट चांगली लहान मंडळं त्यात गळतात. धर्मादाय नोंदणी आहे, संस्थेच्या नावावर बँक खातं आहे आणि हिशेबाची वही दाखवतात, एवढं पुरे. चेक किंवा यूपीआय संस्थेच्याच खात्यावर. कार्यकर्त्याच्या मोबाइल नंबरवर कधीच नाही, माणूस कितीही भला असो.

आता पाच संस्था की दोन. इथे माझं मत जरा आग्रही आहे. एका सरकारी रुग्णालयाबाहेरच्या अन्नछत्राचा हिशेब मी गेली काही वर्षं बघतो. पितृपक्षात तिथे तांदळाची पोती छतापर्यंत लागतात. गेल्या वर्षी तर तुरीच्या डाळीला जागा नव्हती म्हणून ती जिन्याखाली ठेवली. आणि त्याच आठवड्यात वहीत नोंद होती, ‘सिलिंडर उधार’. दुसऱ्यांसाठी रांधायचं तर 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर लागतो, घरचा चालत नाही. तो कोणी दान देत नाही, कारण त्यावर नाव घालता येत नाही. स्वयंपाकाच्या मावशींचा पगार, खोलीचं भाडं, टेंपोचं डिझेल यांचंही तेच. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेलेल्यांना अन्न पहिलं आहे. त्यात सिलिंडर नाही, पण ते अन्न शिजतं त्याच्यावरच.

तुमची रक्कम पाच ठिकाणी वाटली तर प्रत्येकाला महिन्याला बाराशे-साडेबाराशे जातील. पावती मिळेल, आभाराचं पत्र मिळेल, काम मात्र कुठलंच धड होणार नाही. दोन संस्था निवडल्या तर प्रत्येकीला तिमाहीला 9,000 देता येतात. महिन्याचे तीन हजार ठरलेले असले की मावशींच्या पगाराला टेकू मिळतो. कशावर खर्च करा हे लिहून देऊ नका. ‘तुमची जी अडचण असेल तिथे वापरा, पण तीन वर्षं नक्की येतील’ एवढंच सांगा. वर्षाकाठी एकदा मिळणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा अशा शब्दावर त्यांना जास्त आखणी करता येते.

‘कायम तिथी’ची योजनाही तुम्ही विचारली आहे, एकदाच 25,000 भरायचे आणि दरवर्षी सरांच्या तिथीला जेवण. मी नाही म्हणेन. सात टक्क्यांनी त्याचे 1,750 येतात, पंधरा वर्षांनीही 1,750च येतील. तोवर ताट किती रुपयांना पडेल? तिथीला तुम्हीच जा आणि त्या वर्षीच्या भावाने पैसे भरा.

मुलाचं काय? त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर त्याने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत थेट संस्थेला पाठवावेत, अडचण नाही. तो अमेरिकी नागरिक झाला असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ती विदेशी देणगी धरली जाते आणि एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही. ‘मी आईला पाठवतो, आई पुढे देईल’ ही पळवाट काढू नका, लहान संस्था हकनाक अडचणीत येईल.

राहिलं सरांचं नाव. मृत्युपत्रात लिहा की या 9 लाखांची रक्कम तुमच्यामागे अमुक संस्थेला, सरांच्या स्मरणार्थ. खात्यावर नॉमिनी म्हणून मुलाचं नाव असलं तरी चालेल, कारण नॉमिनी हा फक्त सांभाळणारा असतो, मालक मृत्युपत्राने ठरतो. दोन साक्षीदार हवेत, आणि मुलाला आधी सांगून ठेवा.

या योजनेचं व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या 1 तारखेला जमा होतं. पहिलं व्याज येईपर्यंत तुमच्या यादीतल्या मिरजेच्या जेवण देणाऱ्या संस्थेत एकदा न कळवता जाऊन या, सकाळी अकराच्या सुमारास. भात उतरवायची तीच वेळ. आणि वही मागा.